विषाणूची राखण

आमच्या पेडणे-डिचोलीच्या मुलखात राखणदाराची कल्पना रक्तातच भिनलेली आहे. गावच्या सीमेवर कोणी अदृश्य जागता आहे, या भरवशावर कित्येक पिढ्या सुखाने निजल्या. परंतु काही संकटे अशी असतात की त्यांची राखण माणसालाच करावी लागते.

माकडताप हे त्यांपैकीच एक. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजेच आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, त्याचा विषाणू शोधून काढला. हा ताप २०१५ साली सत्तरीतील पाली गावात आणि २०१६ साली डिचोलीच्या शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात प्रकटला. गोचिडांतून पसरणाऱ्या या रोगाची झळ काजूच्या बागांत राबणाऱ्यांना बसली.

विषाणू ओळखायचा तर मेलेले माकड उघडावे लागे, त्यातील अंश उंदराच्या पिलांना टोचावा लागे. या कामात पूर्वी प्रयोगशाळेतील अनेकांना तोच ताप जडला. २०१२ साली पुण्यात चौथ्या जैवसुरक्षा स्तराची प्रयोगशाळा उभी राहिली. तेथे हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी राखतात; फट पडलीच तर हवा आत येते, बाहेर जात नाही. सांडपाणीही निर्जंतुक करूनच सोडले जाते.

सरकारी सेवेत आयुष्य गेल्यामुळे माझे लक्ष साहजिकच नियमांकडे जाते. घातक सूक्ष्मजीवांविषयीचे नियम १९८९ सालचे, प्राण्यांवरील प्रयोगांचे १९९८ सालचे. पण नियम कागदावर जगत नाही. तो पिंजरा धुणाऱ्या सेवकाच्या हातात जगतो. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण न लावणे, उंदीर चावताच वरिष्ठांना सांगणे, यांतच खरी सुरक्षा आहे. सांगणाऱ्यावर जो वरिष्ठ डाफरतो, त्याच्या हाताखालचा माणूस पुढचा चावा लपवितो. मग सर्व दारे-कुलुपे व्यर्थ!

आणि काजू वेचणाऱ्या बाईचे काय? तिच्यापाशी ना बंदिस्त पोशाख, ना गाळलेली हवा. अंगाला गोचीडरोधक तेल, घरी परतताच आंघोळ आणि मेलेल्या माकडाला हात न लावता आरोग्य केंद्राला वर्दी, एवढेच तिचे चिलखत. ते तिला वेळेवर मिळते की नाही, हे पाहणे आपणा बागायतदारांचे काम आहे. पुण्याच्या प्रयोगशाळेत सेवकाला जी काळजी लाभते, तिचा थोडा अंश तरी आपल्या कुळागरापर्यंत यायला हवा.