तिघांचा एक बॉल

बॉलिंग म्हटले की आमच्या गावाकडे क्रिकेटच आठवते. "दुबईत जाऊन बॉलिंग करता? मग बॅटिंग कोण करतो?" असे आमच्याच घरात विचारले गेले होते. त्यामुळे आम्ही तिघांनी पैसे काढून एक बॉल विकत घेतला, ही गोष्ट आम्ही घरी बरीच वर्षे सांगितली नाही. कौले बदलायची राहिली होती, कुणाच्या बहिणीचे लग्न तोंडावर होते. अशात साडेआठ इंचाच्या एका गोळ्यासाठी हजारभर दिरहॅम घातले हे कोणत्या तोंडाने सांगणार?

ही २०११ सालची गोष्ट. देऱ्याच्या एका खोलीत आम्ही तिघे राहत होतो, तिघेही रत्नागिरी जिल्ह्यातले. थोरल्यांना सगळी इमारत भाईजान म्हणे. त्या काळी अमिरातीत शुक्रवारी सुट्टी असे, म्हणून गुरुवारची रात्र आमची. एका फिलिपिनो सोबत्याने पहिल्यांदा नेले आणि आम्ही तिथेच अडकलो. पैजा लावून खेळणारे एक टोळके तिथे असे. भाईजान त्या बाजूला फिरकत नसत. पैसा लागला की तो जुगार, एवढेच बोलत.

तिथे ठेवलेले बॉल प्लास्टिकचे. ते सरळ जातात. मधल्या पिनेवर नाकासमोर आदळले की दोन्ही कडांना एकेक पीन उभी राहते आणि आपल्याकडे बघून हसते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल पहिल्या आणि तिसऱ्या पिनेच्या मधल्या फटीत, साधारण सहा अंशाच्या तिरकसपणाने शिरला पाहिजे. त्यासाठी हूक, म्हणजे वळण हवे. लेन साठ फुटांची. तिच्या पहिल्या चाळीसेक फुटांवर तेल असते. मध्ये जास्त, कडेला कमी, आणि डोळ्यांना दिसत नाही. त्या तेलावर बॉल घसरतो, पुढे कोरड्यावर लाकूड धरतो आणि वळतो.

भाईजानांनी एकाचा चकचकीत बॉल उसना घेऊन पाहिला. तो शेवटपर्यंत सरळ जाई आणि मग कुणी कान पिळल्यासारखा एकदम फिरे. कधी दहाच्या दहा पाडी, कधी नाक ओलांडून पलीकडे जाई. वळण वाढवायला भाईजान मनगट झटकत. ईदच्या आधी त्यांच्या मनगटाला पट्टा लागला. गोदामात खोकी उचलणारा माणूस, मनगट गेले तर नोकरी जाईल. आम्ही दोघे घाबरलो.

ड्रिलर फिलिपिनोच होता. दुकानात त्याने चार वेळा वर्ल्ड कप जिंकलेल्या पाएंग नेपोमुसेनोचा फोटो लावला होता. भाईजान १९८८ मध्ये दुबईला आले हे ऐकून तो म्हणाला, त्याच वर्षी अमिरातीच्या मोहम्मद खलिफाने हा कप जिंकला. भाईजानांना हे तेवीस वर्षांनी कळले.

त्याने आधी बॉल दाखवलाच नाही. दहा वेळा टाकायला लावले, बॉलवर उमटलेली तेलाची कडी पाहिली, मेणाच्या पेन्सिलीने खुणा केल्या. बॉल ज्या आसाभोवती फिरत सुटतो त्याचे टोक त्याने काढले. मग म्हणाला, वळण सगळ्यात जास्त ठरवते ते वरचे कवच. चकचकीत कवच तेलावर लांब घसरते आणि शेवटी झटका देते. मंद, घासलेले कवच लवकर पकडते आणि कमानीसारखे वळते. त्याने रेझिनचा बॉल काढला, आतला गाभा सममित, दोन हजार ग्रिटच्या पॅडने घासलेला. वजन चौदा पौंड. भाईजानांना पंधरा हवा होता, ड्रिलरने नुसते पट्ट्याकडे बोट दाखवले.

बॉलवर एक रंगीत ठिपका असतो, त्याला पिन म्हणतात. गाभ्याचे डोके तिथे असते. तो ठिपका बोटांच्या भोकांवर ठेवला तर बॉल उशिरा आणि जोरात वळतो, खाली ठेवला तर लवकर आणि सावकाश. आसाच्या टोकापासून तो सव्वातीन-साडेतीन इंचांवर असेल तर फिरताना कडी सर्वांत जास्त पसरतात. आमच्यासाठी त्याने पाच इंच ठरवले, आणि ठिपका बोटांच्या खाली. (तोल साधायला चौथे जादा भोक पाडत असत. अमेरिकेच्या बॉलिंग काँग्रेसने ते १ ऑगस्ट २०२० पासून बंद केले. आमच्या बॉलला ते नव्हतेच.)

इथवर सगळे ठीक होते. मग त्याने विचारले, "हात कोणाचा?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. पैसे तिघांचे, पण भोके एकाच हाताची. अंगठ्यापासून बोटांपर्यंतचे अंतर, अंगठ्याची जाडी, भोकाचा कल, सगळे एकाचेच. भाईजान म्हणाले, "या पोरांचा घ्या, यांना अजून खूप खेळायचंय." आम्ही दोघांनी त्यांचा पट्टा सोडला आणि हात टेबलावर ठेवला. ते रागावले. नंतर बोलले नाहीत.

तो बॉल कसा वळला हे सांगायचे तर, भरतीचे पाणी खाडीत शिरते तसा. झटका नाही. मनगट सरळ ठेवून हात नुसता पुढे सोडायचा. दुबईच्या उन्हात अंगठा सुजे, एसीत बसले की आटे. म्हणून अंगठ्याच्या भोकात टेपचे तुकडे एकावर एक चिकटवत गेलो. पट्टा काही महिन्यांनी सुटला.

२०१६ मध्ये भाईजान कायमचे गावी गेले. बॉल ठेवून गेले. "भोकं भरून घ्या आणि तुमची पाडा." तसे करता येते. आम्ही दुकानात गेलोही. ड्रिलरने पुन्हा विचारले, हात कोणाचा? आम्ही बॉल घेऊन परत आलो.

२०१८ च्या रजेत तो तीस किलोच्या सामानात घालून आणला. मुंबईत कस्टमवाल्याने दोनदा क्ष-किरणांतून काढला आणि शेवटी हातात घेऊन भोकांत बोटे घालून पाहिली.

भाईजानांच्या ओटीवर बॉल ठेवला. भाभी म्हणाल्या, "हे काय आणि?" भाईजानांनी उत्तर दिले नाही. दोन बोटे गेली, अंगठा जाईना. संधिवाताने पेर फुगले होते. आम्ही दोघे मान खाली घालून चहा पीत राहिलो.

"चिमटा आण गं," ते भाभींना म्हणाले. "आत टेप आहे."

आणि एकेक तुकडा काढू लागले.