अँब्रासचे अद्भुत दालन

ऑस्ट्रियातील इन्सब्रूक शहराबाहेर, टेकडीच्या अंगावर अँब्रासचा शुभ्र किल्ला उभा आहे. आल्प्सची हिमशिखरे पाहून नेत्र तृप्त झाले, की प्रवाशाने या किल्ल्याची पायरी अवश्य चढावी.

सोळाव्या शतकात युरोपच्या राजघराण्यांत अद्भुत वस्तूंची दालने थाटण्याची मोठी हौस होती. दूरदूरच्या समुद्रांवरून जहाजे नवनवे जिन्नस आणीत. ज्याच्या दालनात नवल अधिक, त्याचा लौकिक अधिक. टायरोलचा अधिपती आर्चड्यूक दुसरा फर्डिनंड (१५२९–१५९५) याने तर संग्रहासाठी किल्ल्याच्या खालच्या अंगास निराळ्या इमारती बांधविल्या. तेथील उंच कपाटांत सोने, रुपे, काच, लाकूड, पोवळे अशा जिनसवारीने वस्तू मांडल्या होत्या. पुढे १८०६ साली, नेपोलियनच्या युद्धांच्या धामधुमीत, संग्रहाचा मोठा भाग व्हिएन्नास गेला. तरी उरले आहे तेही थोडे नव्हे. वृक्षाच्या बुंध्याने वाढता वाढता वेढून टाकलेली हरणाची शिंगे पाहून आम्हीही लहान मुलासारखे थबकलो.

परंतु भिंतीवरील चित्रांपाशी आमचे कौतुक ओसरले. टेनेरिफ बेटावर जन्मलेला पेत्रुस गोन्साल्वुस जन्मतःच केसाळ होता. बालपणीच त्यास फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याच्या दरबारी आणण्यात आले. तो लॅटिन शिकला, त्याने संसार थाटला. पण अँब्रासच्या भिंतीवर तो आपल्या लेकरांसह लागला, तो एक नवल म्हणूनच.

दुसऱ्या चित्रात एक अपंग मनुष्य उघड्या अंगाने पालथा पडलेला आहे. डोक्यावर टोपी, गळ्यात चुणीदार पांढरी गळपट्टी. पूर्वी त्याच्या देहावर तांबड्या कागदाचे आवरण असे. पाहुण्यांनी ते उचलावे आणि नवल करावे!

फर्डिनंडच्या मृत्यूनंतर १५९६ साली संग्रहाची मोठी यादी झाली, चीजवस्तूंची मोजदाद झाली. त्या मनुष्याचे नाव मात्र आज कोणासही ठाऊक नाही.

वाचकहो, त्या सरदारांना हसणे सोपे आहे. परंतु आपल्या वाटेने असा कोणी जात असता आपलीही दृष्टी त्याच्या देहावर रेंगाळते. त्याचे नाव विचारावयाचे राहून जाते. चित्रातील तो मनुष्य थेट पाहणाऱ्याकडे बघतो. त्याच्या दृष्टीस दृष्टी देणे आम्हांस जड गेले.