चिऊला कुठं बसवायचं?

एस.टी.त जागा धरण्याची आपली एक खास पद्धत आहे. गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, जे हाताला येईल ते आत टाकायचं. ज्याचा रुमाल त्याची जागा! विमानात हे चालत नाही. तिथं ज्याची त्याची जागा आधी ठरते आणि बोर्डिंग पासवर छापून येते. पण ठरवतं कोण? बऱ्याच वेळा आपणच, तिकीट काढताना. आणि बरोबर एखादं दुडुदुडु धावणारं मूल असेल, तर या एका गोष्टीवर सगळा प्रवास अवलंबून असतो.

समजा, तुमची मावशी लंडनला राहते. मे महिन्याच्या सुट्टीत आई, बाबा, तुम्ही आणि तुमची धाकटी बहीण चिऊ तिच्याकडे निघालात. चिऊचं वय तेवीस महिने. मुंबई ते लंडन अंतर सुमारे ७२०० किलोमीटर. थेट विमानानं साधारण दहा तास लागतात. वाटेत एखाद्या देशाचं आकाश बंद असलं आणि वळसा घालावा लागला, तर आणखी जास्त. आता घरातली चिऊ आठवून पाहा. ती दहा मिनिटं तरी एका जागी बसते का? मग दहा तासांचं काय?

सुरुवात तिकिटापासून करू. दोन वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाला विमानात स्वतःची खुर्ची घ्यावीच लागते असं नाही. ते आईबाबांच्या मांडीवर बसून जाऊ शकतं. परदेशच्या प्रवासात त्याचं भाडं बहुतेक कंपन्या मोठ्यांच्या भाड्याच्या सुमारे दहा टक्के घेतात. (पासपोर्ट मात्र तान्ह्या बाळालाही स्वतःचा लागतो, बरं का!) दुसरा वाढदिवस झाला की खुर्ची घ्यावीच लागते. वय मोजतात ते प्रवासाच्या दिवशीचं. म्हणजे गंमत पाहा, चिऊचा दुसरा वाढदिवस जर मावशीकडे साजरा झाला, तर जाताना ती मांडीवर आणि येताना खुर्चीवर!

आता विमानात डोकावू. लांबच्या प्रवासाची विमानं बहुधा रुंद पोटाची असतात. त्यांत दोन वाटा असतात आणि खुर्च्यांचे तीन गट. बोईंग ७८७ किंवा एअरबस ए ३५० या विमानांत साध्या वर्गात बहुधा तीन-तीन-तीन अशी रचना असते. बोईंग ७७७ मध्ये बऱ्याच ठिकाणी तीन-चार-तीन. रांगांना आकडे आणि खुर्च्यांना इंग्रजी अक्षरं. त्यातलं 'आय' हे अक्षर बहुतेक वेळा गाळतात, कारण ते एक या आकड्यासारखं दिसतं आणि घोटाळा होतो. जर्मनीच्या लुफ्तान्झा कंपनीच्या विमानांत तर तेरा आणि सतरा या रांगाच नसतात. काही देशांत तेरा हा आकडा अशुभ मानतात, तर इटलीत सतरा!

बाळ बरोबर आहे म्हटल्यावर बहुतेक लोक पहिली मागणी करतात ती पाळण्याच्या जागेची. विमानातल्या एखाद्या विभागाच्या अगदी पुढच्या रांगेसमोर भिंत असते. त्या भिंतीवर अडकवायचा छोटा पाळणा मिळतो. त्याला बॅसिनेट म्हणतात. सहा महिन्यांच्या बाळासाठी ही जागा उत्तम. पण चिऊसाठी? पाळण्याला वजनाची मर्यादा असते. अनेक कंपन्यांमध्ये ती दहा-अकरा किलोच्या आसपास असते. चिऊ त्यात मावणार नाही, आणि मावली तरी दुसऱ्या मिनिटाला उभी राहील! शिवाय या रांगेच्या अडचणीही आहेत. समोर खुर्ची नाही, म्हणून खाण्याचं टेबल खुर्चीच्या हातात दुमडलेलं असतं. त्यामुळे ते हात वर उचलता येत नाहीत, आणि झोपलेल्या मुलाला दोन खुर्च्यांवर आडवं करता येत नाही. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पिशवी पायाशी ठेवायची सोय नाही, ती वरच्या कप्प्यात जाते. नेमकी तेव्हाच चिऊला दुधाची बाटली हवी असते! पट्टे बांधण्याचा दिवा लागला की बहुतेक विमानांत पाळण्यातलं बाळ उचलून मांडीवर घ्यावं लागतं, मग ते कितीही गाढ झोपलेलं असो. एक फायदा मात्र खरा. समोर मोकळी जागा असते आणि मुलाला पायांशी उभं राहता येतं.

काहींना वाटतं, संकटकाळच्या दाराजवळची रांग घ्यावी, तिथं पाय पसरायला भरपूर जागा. पण तिथं लहान मुलांना बसू देतच नाहीत. वेळ आली तर दार उघडायला मदत करू शकेल असाच माणूस तिथं लागतो.

मग मधली कुठली तरी साधी रांग बरी. पण पुढची, मधली की मागची? तुम्ही सी-सॉवर बसलाच असाल. टोकावर बसलेला वर-खाली होतो, मध्ये बसलेला फारसा हलत नाही. एस.टी.च्या शेवटच्या बाकावरही तेच होतं, खड्डा आला की टाळू छताला! विमान हवेत डुलतं ते साधारण त्याच्या मध्याभोवती. म्हणून पंखांच्या आसपास हिसके कमी जाणवतात आणि शेपटीकडे जास्त. मागच्या बाजूला स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृहं असतात, म्हणजे वर्दळ आणि आवाज. पण चिऊसारख्या फिरणाऱ्या मुलीला तिथं उभं राहायला चार पावलांची मोकळी जागा मिळते. रडू आलं तर तिथं घेऊन जाता येतं. म्हणून स्वच्छतागृहाला चिकटून नको आणि फार लांबही नको, असा मध्यम मार्ग बरा.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे वाटेच्या कडेला कुणी बसायचं. वाटेवरून गरम चहा-कॉफीची गाडी जाते. लोकांच्या पिशव्या, कोपर, पाय जातात. चिऊचा हात किंवा पाय नेमका त्याच वेळी बाहेर डोकावतो. म्हणून लहान मुलाला वाटेच्या कडेला बसवू नये. तिथं मोठ्या माणसानं बसावं, कुंपणासारखं.

ऑक्सिजनच्या मुखवट्यांचाही विचार करावा लागतो. हवेचा दाब अचानक कमी झाला तर ते वरून खाली येतात. तीन खुर्च्यांच्या गटाला साधारणपणे एक मुखवटा जास्तीचा असतो, तो मांडीवरच्या बाळासाठी. म्हणून मांडीवरची दोन बाळं एकाच गटात बसवत नाहीत. तुमच्या मावसभावालाही मांडीवर घेऊन मामी त्याच विमानानं येणार असेल, तर तिला शेजारच्या गटात बसावं लागेल.

आता सगळ्यांत कठीण प्रश्न. जाताना चिऊला मांडीवर बसवायचं की तिच्यासाठी खुर्ची घ्यायची? १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सू सिटी इथं एका विमानाला संकटात उतरावं लागलं. विमानात २९६ माणसं होती, त्यांतली ११२ दगावली. चार लहान मुलं मांडीवरच्या वयाची होती. त्या काळच्या सूचनेप्रमाणे त्यांना आईवडिलांच्या पायांशी जमिनीवर ठेवून धरायला सांगितलं गेलं. त्यांतलं एक मूल वाचलं नाही. ही सूचना देणाऱ्या मुख्य हवाईसेविका जॅन ब्राऊन त्या अपघातातून वाचल्या. प्रत्येक मुलाला स्वतःची खुर्ची आणि स्वतःचा पट्टा असावा, यासाठी त्या पुढे वर्षानुवर्षं झगडत राहिल्या.

पण हात घट्ट असले तर पुरे नाही का? नाही. विज्ञानाच्या पुस्तकातलं जडत्व आठवा. एस.टी.नं करकचून ब्रेक मारला की उभे असलेले सगळे पुढे फेकले जातात. विमान जोरानं हिसकलं तर बारा किलोची चिऊ क्षणभर कितीतरी पट जड होते. तेव्हा कुणाचेही हात पुरे पडत नाहीत, आईचेसुद्धा.

तरीही अमेरिकेनं दोन वर्षांखालच्या मुलांसाठी खुर्चीची सक्ती केलेली नाही. तिथल्या विमान वाहतूक खात्याचं म्हणणं असं, की खर्च वाढला तर काही कुटुंबं विमान सोडून मोटारीनं जातील, आणि रस्त्यावरचा धोका विमानापेक्षा मोठा आहे. मात्र मुलाला स्वतंत्र खुर्चीवर, मंजूर झालेल्या बालआसनात बसवावं, असं तेच खातं पालकांना आग्रहानं सांगतं. युरोपात आणि ब्रिटनमध्ये मांडीवरच्या बाळासाठी आईच्या पट्ट्यात ओवायचा छोटा पट्टा देतात. तो दिला तर उतरेपर्यंत जवळ ठेवावा, आणि दिवा लागला की आळस न करता बांधावा.

लंडनचं तिकीट काही स्वस्त नसतं. प्रत्येक घराला चौथी खुर्ची परवडेलच असं नाही. ज्यांना परवडते त्यांनी ती जातानाच घ्यावी. ज्यांना नाही, त्यांनी विमानतळावर एवढं जरूर विचारावं : "आमच्या शेजारची खुर्ची रिकामी राहणार असेल, तर ती तशीच ठेवाल का?" विमान भरलेलं नसलं तर पुष्कळदा हो म्हणतात.

तुमच्याही हक्काची एक गोष्ट सांगतो. एप्रिल २०२४ मध्ये भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं विमान कंपन्यांना सूचना दिली, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आईबाबांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी जागा द्यावी. तेव्हा कुणी तुम्हाला दहा रांगा पलीकडे बसवू लागलं, तर आईबाबांना ही सूचना आठवून द्या.

आणखी एक तयारी कानांची. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उडतं, पण आतली हवा दाबून ठेवलेली असते. बोईंग ७८७ मध्ये ती साधारण ६००० फुटांवरच्या हवेइतकी असते. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षा थोडी उंच. अनेक जुन्या विमानांत ८००० फुटांपर्यंत जाते. चढताना आणि त्याहून जास्त उतरताना दाब बदलतो, कानाला दडे बसतात. लहान मुलांची कान आणि घसा जोडणारी नळी अरुंद आणि जास्त आडवी असते, म्हणून त्यांना अधिक दुखतं. घोट गिळला की ती नळी उघडते. तेव्हा उतरण्यापूर्वी अर्धा तास चिऊची बाटली तयार हवी. बाळाला वाटेत लागेल एवढं दूध-पाणी सुरक्षा तपासणीतून नेऊ देतात.

तर मग ठरवू या चौघांच्या जागा. तीन-चार-तीन रचनेचं विमान असेल, तर मधल्या चार खुर्च्या घ्याव्यात. दोन टोकांना आई आणि बाबा, मध्ये तुम्ही दोघं. तीन-तीन-तीन असेल, तर खिडकीशी तुम्ही, मध्ये चिऊ, वाटेच्या कडेला आई आणि वाटेपलीकडे बाबा. चिऊ एका बाजूला तुमच्या अंगावर रेलेल, दुसऱ्या बाजूला आईच्या. मात्र तिच्यासाठी बालआसन नेलंत, तर ते बहुधा खिडकीशीच लावायला सांगतात. संकटात बाहेर पडणाऱ्यांची वाट अडू नये म्हणून. मग खिडकी चिऊला द्यावी लागेल. जीवावर येईल खरं! पण ताई-दादांनो, रात्रीच्या विमानात बाहेर बराच वेळ अंधारच असतो. आणि बोईंग ७८७ मध्ये खिडकीला पडदा नसतो, बटण दाबलं की काच निळी-काळी होते. ते बटण कुणी आणि किती वेळा दाबायचं, याचा कारभार तुम्ही स्वतःकडे घ्या.

परतीच्या प्रवासात चिऊ दोन वर्षांची झालेली असेल. तिच्या नावाच्या बोर्डिंग पासवर पहिल्यांदाच खुर्चीचा आकडा येईल. तो तिला वाचता येणार नाही. तुम्ही वाचून दाखवा, खुर्ची शोधून द्या, आणि पट्ट्याचा 'खट्' आवाज आला का, तेवढं मात्र स्वतः कान देऊन ऐका.