काठीच्या आधी

श्रावण लागला की आमच्या चौथीच्या वर्गात सापांशिवाय दुसरा विषय नसतो. शाळा शिराळा तालुक्यातली. बत्तीस शिराळ्याच्या जिवंत नागांच्या पूजेच्या गोष्टी मुलं आजोबांकडून ऐकतच वाढतात. पण वस्तीवर साप निघाला, की पहिली हाक काठीसाठी जाते. हळदीकुंकू नाहीतर काठी, तिसरं काही नाहीच. हे मला फार खुपायचं. एका पावसाळ्यात मी वर्गात ‘क्रिक्टर’ नावाचं चित्रांचं पुस्तक नेलं.

टोमी उंगरर या चित्रकाराचं हे पुस्तक १९५८ सालचं. फ्रान्समधल्या एका लहानशा गावात बोदोबाई एकट्या राहतात. त्यांचा मुलगा दूरदेशी सापांचा अभ्यास करतो. वाढदिवसाला तो आईला एक गोल खोका पाठवतो. खोका उघडताच बाई किंचाळतात, कारण आत साप!

इथं मी थांबले. “आता बाई काय करतील?”

“मारतील!” सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

मी पान उलटलं. बोदोबाई साप घेऊन थेट प्राणिसंग्रहालयात जातात, तो विषारी आहे का हे विचारायला. कळतं, की हा बोआ. भक्ष्याला विळखा घालून मारणारा, पण बिनविषारी. मग त्या त्याला घरी आणतात, बाटलीनं दूध पाजतात, थंडीसाठी लांबच लांब स्वेटर विणतात. त्या स्वेटरवर मुलं इतकी हसली, की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून गेले.

दुधापाशी मात्र एका मुलीनं अडवलं. “बाई, साप दूध पितो? तुम्हीच तर नाही म्हणाला होता.” मला मनापासून आनंद झाला. गोष्टीतला साप दूध पितो, खराखुरा पीत नाही, त्याला ते पचतही नाही. बोआचं खाणं म्हणजे उंदीर, पक्षी. हसता हसता मुलांनी हे दोन साप वेगळे ठेवले होते.

बोदोबाई शिक्षिका. क्रिक्टर त्यांच्याबरोबर शाळेत जातो आणि अंगाला वळणं देऊन इंग्रजी अक्षरं काढतो. आमच्या मुलांनी लगेच विहिरीचा जुना दोर आणला. व्हरांड्यात र झाला, ट झाला, ४ झाला. ‘ठ’ला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वरची रेघ कशी द्यायची, यावर वाद रंगला. शेवटी एकजण म्हणाला, “दुसरा साप आडवा झोपवायचा की!”

उंगरर १९३१ साली स्ट्रासबर्गला जन्मले आणि २०१९ साली गेले. लोक ज्यांच्याकडे पाहून नाक मुरडतात, तेच प्राणी त्यांनी नायक केले: ऑक्टोपस, वटवाघूळ, गिधाड. क्रिक्टर तर घरात शिरलेल्या चोराला धरतो, पदक मिळवतो, गाव त्याचा पुतळा उभारतं. १९९८ साली उंगरर यांना चित्रकारासाठीचा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. मला त्यांचं मोठेपण त्या एका पानात दिसतं. बाई आधी किंचाळतात. भीती वाटण्यात काही चूक नाही, हे लेखक मान्य करतो. मग बाई विचारायला जातात.

त्यानंतर पंधरा दिवसांनी पाण्याच्या टाकीमागे साप निघाला. जाडसर, तपकिरी, शेपूट तोंडासारखंच बोथट. मी पोचेपर्यंत एक गडी काठी घेऊन आला होता. वर्गातला सर्वांत बुजरा मुलगा लांब उभा राहून थरथरत्या आवाजात म्हणत होता, “मामा, थांबा. आधी कोण हाय ते बघू या.”

सर्पमित्र आले. मांडूळ निघालं. लोक त्याला दुतोंड्या म्हणतात, पण तोंड एकच. बिनविषारी, उंदीर खाणारं, बोआच्याच नात्यातलं. गुप्तधनाच्या खुळापायी त्याची चोरटी विक्री होते, पण त्याला पकडून विकणं किंवा घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, हे सर्पमित्रांनी मुलांना समजावलं.

“बाई, म्हणजे हा क्रिक्टरचा चुलतभाऊ?” त्या मुलानं विचारलं.

“तसंच समज.”

तो क्षणभर मांडुळाकडे पाहत राहिला. “मग ह्याला स्वेटर नको,” तो म्हणाला, “ह्याला माती लागती.”

सर्पमित्रांनी मांडूळ सोडायला नेलं. काठी टाकीला टेकून तशीच उभी होती.