टेकडीवरची वाट कोणाची?

आमच्या घरात हल्ली दोन पक्ष पडले आहेत. एका पक्षाच्या पुढारी आमच्या आत्याबाई. वय ७६, आणि वेताळ टेकडीवर जाऊन आल्यावाचून सकाळच्या चहाला शिवावयाचे नाही, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. दुसऱ्या पक्षात धाकट्या बंधूंचे चिरंजीव. त्यांनी जाड टायरांची, पुढच्या चाकाला स्प्रिंगा असलेली डोंगरी सायकल घेतली असून तेही त्याच टेकडीवर जातात. गेल्या दिवाळीच्या सुमारास कोणा अनोळखी तरुणाची सायकल आत्याबाईंच्या मागून येऊन इतक्या जवळून खाली गेली की, त्या दचकून मुरमावर घसरल्या आणि मनगट मोडून बसल्या. तेव्हापासून त्यांचे टेकडीवर जाणे बंद आहे, आणि जेवणाच्या पंक्तीला वाट कोणाची हा एकच विषय आहे.

पुण्याला सायकल काही नवी नव्हे. नगरपालिकेचा बिल्ला, रात्री दिवा नसला की पोलिसाने अडविणे, डबलसीटची चोरी, हे सारे आमच्या वडीलधाऱ्यांनी अनुभवलेले. परंतु ती सायकल रस्त्यावरची. डोंगर उतरण्यासाठी म्हणून सायकल घडविण्याचे वेड १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील तमालपाइस डोंगरावर काही तरुणांना लागले, आणि तेथून ते जगभर पसरले. आपल्या समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीच्या वेताळ टेकडीवर, गिरिपुष्पाच्या झाडीतून जाणाऱ्या पायवाटा दोन माणसे जेमतेम शेजारून जातील एवढ्याच. तेथे ना दिवा, ना पोलीस.

चिरंजीवांनी एके दिवशी आजोबांच्या कपाटातील मनुस्मृती काढली. आजच्या मुलांनी तो ग्रंथ उघडावा ह्याचेच आम्हांस नवल वाटले. दुसऱ्या अध्यायात, वाट कोणास द्यावी ह्याची एक यादी आहे. नव्वदी ओलांडलेला वृद्ध, रोगी, भारवाहक, स्त्री, स्नातक, राजा आणि नवरदेव हे सर्व तीत आहेत. परंतु यादीच्या आरंभीच आहे तो ‘चक्री’, म्हणजे चाकाच्या वाहनात बसलेला! चिरंजीवांच्या आनंदास पारावार राहिला नाही. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, “अरे, नव्वदीला मला अवकाश आहे, पण स्त्री आणि रोगी ही दोन कलमे माझी. शिवाय त्या गाडीत धान्य असे. तुझ्या गाडीत काय आहे?”

आमच्या मते ह्या प्रश्नातच सर्व मर्म आहे. भरल्या गाडीचे बैल चटकन वळत नाहीत, डोक्यावर भारा असलेल्यास बाजूला होता येत नाही; म्हणून ज्यास थांबणे कठीण त्याला वाट, असा त्या यादीतील बहुतेकांचा न्याय दिसतो. (नवरदेवाचे मात्र निराळे, त्याला थांबविण्यात अर्थच नसतो.) ह्यावर चिरंजीव म्हणतात, उतारावर सायकललाही थांबणे कठीण. खरे आहे, परंतु तो वेग त्यांनी स्वतः हौसेने घेतलेला आहे, आणि ब्रेकही त्यांच्याच हातात आहे. आत्याबाईंचे वय त्यांनी हौसेने घेतलेले नाही.

हिशेबच करावयाचा तर ताशी २० किलोमीटरने येणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटर तोडते. घंटा ऐकून, मान वळवून, पाऊल सावरून बाजूला होण्यास वृद्ध माणसाला चार सेकंद तरी हवेत. तेवढ्यात सायकल २२ मीटर पुढे आलेली असते. म्हणजे पाठीशी येऊन घंटा वाजविणे हे घाबरविणेच झाले. घंटा दुरून वाजवावी, वेग पावलाच्या चालीवर आणावा, आणि माणूस कोणत्या बाजूला झाला हे पाहून मगच पुढे जावे.

विशेष हे की, सायकलस्वारांनी स्वतःही हेच ठरविलेले आहे. १९८८ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघाचा नियम असा की, सायकलने पादचाऱ्यास आणि घोडेस्वारास वाट द्यावी, आणि उतरणाऱ्या सायकलने चढणाऱ्या सायकलला द्यावी. घाटातील मोटारींसाठी आपल्याकडे १९८९ साली झालेल्या नियमांतही, रस्ता अरुंद असल्यास उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्यास जाऊ द्यावे, असेच होते. चढावर एकदा थांबलेल्यास पुन्हा चालू लागणे किती जड जाते, हे पायडल मारणाऱ्यास सांगावयास नको.

मात्र आत्याबाईंच्या पक्षालाही दोन शब्द ऐकावे लागतील. चौघींनी हात धरून वाट अडविणे, कानांत गाण्याची बोंडे घालून चालणे, कुत्रे मोकळे सोडणे, ही टेकडीवरची नित्याची दृश्ये होत. घामाघूम होऊन चढ चढणाऱ्या सायकलवाल्यासाठी आपण होऊन क्षणभर कडेला उभे राहिले तर हक्क काही बुडत नाही. उभे राहावयाचे ते डोंगराच्या अंगाला, दरीच्या अंगाला नव्हे.

आणि पावसाळ्यात ओल्या मातीवर ब्रेक दाबून घसरत जाण्याचा खेळ उभय पक्षांनी मिळून बंद पाडावा. चाकाने पडलेल्या चरीतून पाणी वाहते, मुरूम उघडा पडतो; मग चालणारे चिखल चुकवून कडेच्या गवतावरून जातात, आणि दोन-तीन पावसाळ्यांत दोन हातांची वाट सहा हातांची होते. आत्याबाई जेथे घसरल्या, तेथेही अशीच एक चर आहे.