विश्वासाची ठेव



शेतीची पदवी घेऊन तीस वर्षे मी गावोगाव हिंडलो, तुमच्या चुका तुम्हांला दाखवल्या. आज माझी सांगतो.

२०२३ च्या उन्हाळ्यात ठिबकच्या अनुदानाची यादी मी गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. नाव, मोबाईल, आधार, बँकेचे खाते, सारे तीत होते. कुणाला तालुक्याला खेटा पडू नये, एवढाच हेतू. आठवड्याने एका आबांना फोन आला. "अनुदान अडकले आहे, आलेला ओटीपी सांगा." आबांनी सांगितला. कांद्याचे बावीस हजार गेले. चोराला यादी कुठे मिळाली, हे सिद्ध झाले नाही, पण आबा म्हणाले, "साहेब, त्याला माझं खातंसुद्धा ठाऊक होतं. मला वाटलं, तुमचाच माणूस."

ते वाक्य मला अजून झोपू देत नाही. चोराने पैसे नेले ते माझ्यावरच्या विश्वासाच्या जोरावर!

मग मी कायदा वाचला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या. सार असे, की ज्या कामासाठी तुम्ही संमती दिली त्याच कामाला माहिती वापरायची, गरजेपुरतीच घ्यायची, आणि संमतीचा मजकूर मराठीत वाचायची सोय द्यायची. संमती तुम्हांला मागेही घेता येते.

यात नवे ते काय? शेजाऱ्याने ठेवायला दिलेले बियाणे आपल्या वाडवडिलांनी कधी परस्पर पेरले नाही. सातबारा कुणीही पाहावा, तो उघडाच असतो. आधार आणि खाते ही मात्र घराची किल्ली आहे.

तेव्हा एवढे करा. आधारची प्रत देताना शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत चालते का, ते आधी विचारा. ओटीपी कुणालाही सांगू नका, मलासुद्धा नाही. फसलात तर लाजू नका. तत्काळ १९३० वर फोन करा.

पुढे शेतकरी ओळख क्रमांकाच्या नोंदणीला आबा आले. ओटीपी आला तेव्हा मी सवयीने हात पुढे केला. आबांनी फोन छातीशी धरला आणि चष्मा लावून एकेक आकडा स्वतः दाबला. मला वाईट वाटले, पण आबांचे बरोबर होते.