एका तारखेचे दोघे

जन्मतारीख हा सरकारी नोकराच्या आयुष्यातला सर्वांत पक्का आकडा होय. पगार बदलतो, बदलीगणिक घराचा क्रमांक बदलतो, गाव बदलते, कित्येकदा मुलांच्या शाळेची भाषाही बदलते. परंतु सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर एकदा लिहिलेली तारीख अढळ राहते. ती खरी असलीच पाहिजे असे मात्र नाही. जुन्या पिढीतील महाराष्ट्रीय कर्मचाऱ्यांची सेवापुस्तके चाळली, तर १ जून या दिवशी इतकी माणसे जन्मास आलेली आढळतात की, त्या दिवशी महाराष्ट्रात दुसरे काही घडतच नसावे असे वाटू लागते! शाळेत नाव घालावयास आलेल्या बापास मुलाची तारीख ठाऊक नसे. मास्तर जूनच्या पहिल्या तारखेवर त्याचा जन्म घडवून आणीत आणि मोकळे होत. पुढे साठाव्या वर्षी हीच मंडळी, पहिल्या तारखेस जन्मलेल्याने आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त व्हावे या नियमान्वये, ३१ मे रोजी एकाच संध्याकाळी गळ्यात हार घालून घरी जातात. मास्तरांच्या लेखणीने जुळवून आणलेले हे सोबती एकमेकांस बहुधा ओळखतही नसतात.

खऱ्या जन्मतारखा जुळलेल्या माणसांत तरी काही नाते असते काय? हा प्रश्न आमच्या मनात आला तो नटनटींच्या वाढदिवसांवरून. त्यांच्या वाढदिवसांकडे लोकांचे जितके लक्ष असते, तितके स्वतःच्या काकामामांच्या वाढदिवसांकडेही नसते. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात त्यांची यादी येते, आकाशवाणीवर त्यांच्या चित्रपटांतील गाणी लागतात, आणि एकाच तारखेखाली दोन नावे आली की कोणीतरी ज्योतिषप्रेमी सहकारी ग्रहमानाचा दाखला देतो. आम्ही त्यास एवढेच म्हणतो की, आपले वाडवडील जन्मदिवस तिथीने पाळीत, आणि तिथी व इंग्रजी तारीख यांची पुन्हा गाठ पडावयास साधारणतः एकोणीस वर्षे लागतात. तेव्हा तारखेचे हे सोबती पंचांगात पाहू गेल्यास बहुधा परकेच ठरतात. तथापि योगायोगास अर्थ नसला, तरी त्याचा उपयोग असतो. एरवी ज्यांना आपण कधीच एका ओळीत बसविले नसते, त्यांस ही तारीख शेजारी आणून बसविते. आणि शेजारी बसविल्यावर काही गोष्टी दिसू लागतात.

२६ जून ही तारीख घ्या. १८८८ साली त्या दिवशी नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, जन्मास आले; आणि १९०४ साली त्याच दिवशी पीटर लॉरे हा नट युरोपात जन्मला. एकाच्या पदन्यासावरून महाराष्ट्रातील स्त्रियांनी लुगडे नेसण्याची ऐट उचलली. दुसऱ्याने १९३१ च्या 'एम' या जर्मन बोलपटात बालहत्या करणाऱ्याची भूमिका अशी केली की, त्याचे ते वटारलेले डोळे पाहून प्रेक्षक शहारले. त्याच तारखेस, १८७४ साली, राजर्षी शाहू महाराजांचाही जन्म झाला होता. नारायणाच्या कानावरील उपचारांची मिरजेस सोय करून देणारे आश्रयदाते तेच. २९ डिसेंबर ही तारीख मास्टर दीनानाथांची आणि राजेश खन्नांची. पहिले १९०० साली गोव्यातील मंगेशी येथे जन्मले आणि एप्रिल १९४२ मध्ये पुण्यास निवर्तले. दुसऱ्यांचा जन्म त्याच १९४२ च्या डिसेंबरात झाला. १ ऑगस्ट ही भगवानदादांची (१९१३) आणि मीनाकुमारींची (१९३३). एकाचे नाव घेताच 'अलबेला'तील (१९५१) तो संथ, डुलता नाच आठवून ओठ हसू लागतात. दुसरीचे नाव घेताच डोळे भरून येतात.

परंतु या सर्व जोड्यांत आमचे मन रेंगाळते ते ९ जुलै या तारखेपाशी. या तारखेचे दोघे केवळ यादीत शेजारी नाहीत; एका भूमिकेत ते एकमेकांच्या जागी उभे राहिले आहेत.

९ जुलै १९२५ रोजी बंगळूर येथे, कोंकणी बोलणाऱ्या सारस्वत कुटुंबात, वसंतकुमार शिवशंकर पदुकोण यांचा जन्म झाला. जग त्यांस गुरुदत्त म्हणून ओळखते. बालपण कलकत्त्यास गेले, नृत्याचे शिक्षण अल्मोड्यास उदयशंकरांच्या संस्थेत झाले. मधल्या काळात कलकत्त्याच्या एका कारखान्यात त्यांनी टेलिफोन ऑपरेटरची नोकरीही करून पाहिली. ती फार दिवस टिकली नाही, हे आपल्या चित्रपटसृष्टीचे भाग्य. १९४४ मध्ये ते पुण्यास 'प्रभात'मध्ये आले. तेथेच देव आनंद यांच्याशी मैत्री जुळली आणि त्या मैत्रीतून १९५१ साली 'बाझी' हा त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट निघाला. पुढे 'प्यासा' (१९५७), 'कागज के फूल' (१९५९), 'साहिब बीबी और गुलाम' (१९६२) ही नावे सर्वश्रुतच आहेत. १० ऑक्टोबर १९६४ रोजी मुंबईत त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा वयास एकोणचाळीस वर्षे व तीन महिने झाले होते.

९ जुलै १९३८ रोजी, म्हणजे गुरुदत्तांना तेरा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, सुरतेस हरिहर जेठालाल जरीवाला यांचा जन्म झाला. हेच संजीवकुमार, मित्रमंडळींत अखेरपर्यंत हरिभाई. त्यांची घडण मुंबईच्या रंगभूमीवरची, 'इप्टा'च्या नाटकांतली. ए. के. हंगल यांनी बसविलेल्या एका नाटकात, ऐन विशी ओलांडताना, त्यांस साठीच्या म्हाताऱ्याचे काम मिळाले, आणि तेव्हापासून हे म्हातारपण जणू त्यांच्या मानगुटीस बसले. १९७२ साली 'कोशिश'मध्ये ते जया भादुरींचे पती झाले आणि त्याच वर्षी 'परिचय'मध्ये त्यांचेच वडील! तीन वर्षांनी 'शोले'त सासरे झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे सदतीस. 'दस्तक' आणि 'कोशिश' या दोन चित्रपटांनी त्यांस अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. त्यांच्या घराण्यातील पुरुष पन्नाशी ओलांडीत नाहीत अशी समजूत होती, आणि तेही ती बोलून दाखवीत असे सांगतात. ६ नोव्हेंबर १९८५ रोजी हृदयविकाराने ते गेले. वय सत्तेचाळीस वर्षे व चार महिने. त्यांचा अखेरचा वाढदिवस, ९ जुलै १९८५, हा गुरुदत्त असते तर त्यांच्या साठीचा दिवस होता.

गुरुदत्तांनीही एकदा म्हातारपण अंगावर घेऊन पाहिले होते. 'कागज के फूल'मधला दिग्दर्शक अखेरीस पांढऱ्या केसांनी, थकल्या पायांनी जुन्या स्टुडिओत परत येतो आणि दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसल्या बसल्या प्राण सोडतो. ते काम करणारा नट तेहेतीस वर्षांचा होता, आमच्याच वयाचा म्हणा ना! भारतातील तो पहिला सिनेमास्कोप चित्रपट. लोकांनी त्याकडे पाठ फिरविली आणि त्यानंतर दिग्दर्शक म्हणून गुरुदत्तांनी आपले नाव कोणत्याही चित्रपटास दिले नाही. नट म्हणून मात्र ते काम करीत राहिले. दोघांनीही म्हातारपण रंगविले. दोघांच्याही वाट्यास ते आले नाही. दिग्दर्शकाच्या कथेत हे कोणी लिहिले असते, तर आम्ही त्यास अतिरंजित म्हटले असते.

आता त्या भूमिकेविषयी. 'मुगल-ए-आझम'चे के. आसिफ यांनी १९६३ च्या सुमारास लैला-मजनूच्या कथेवर 'लव्ह अँड गॉड' हा रंगीत चित्रपट हाती घेतला. लैला म्हणून निम्मी आणि कैस, म्हणजे मजनू, म्हणून गुरुदत्त. काही भाग चित्रित झाला आणि गुरुदत्त गेले. काम थांबले. आसिफ यांस हा अनुभव नवा नव्हता; 'मुगल-ए-आझम'च्या आरंभीच्या जुळणीत अकबर करणारे चंद्रमोहन, 'प्रभात'च्या 'अमृतमंथन'मधील ते तेजस्वी डोळ्यांचे नट, १९४९ मध्ये मृत्यू पावले होते आणि ती भूमिका पुढे पृथ्वीराज कपूर यांजकडे गेली होती. तसेच येथेही झाले. काही वर्षांनी, १९७० च्या सुमारास, मजनूची भूमिका संजीवकुमारांकडे आली. लैला तीच राहिली.

एका माणसाची भूमिका दुसऱ्याने घेणे यात रंगभूमीस काहीच विपरीत वाटत नाही. १८८२ साली 'सौभद्र' रंगभूमीवर आले तेव्हा सुभद्रा झाले ते भाऊराव कोल्हटकर. १९०१ मध्ये भाऊराव गेले, महाराष्ट्र हळहळला. परंतु सुभद्रा गेली नाही. चार वर्षांनी बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत आले आणि सुभद्रेस पुन्हा कंठ फुटला. त्यांच्यानंतरही ती दुसऱ्या कंठांतून गात राहिली आहे. रंगभूमीवरची भूमिका ही आमच्या कचेरीतल्या खुर्चीसारखी असते. माणूस बदलून जातो, दुसरा रुजू होतो, चार्ज देण्याघेण्याच्या कागदावर दोन सह्या होतात, आणि सोमवारी सकाळी टपाल त्याच टेबलावर येऊन पडते. आम्हां परमुलखात बदलीवर फिरणाऱ्यांस हा अनुभव इतका परिचयाचा आहे की, त्यात काही दुःख असते हेही आम्ही विसरून जातो.

चित्रपटाचे तसे नाही. 'प्यासा'तील विजय हा कवी दुसऱ्या कोणाच्या स्वाधीन करता येत नाही. त्या दारात उभी राहिलेली आकृती, तो दबलेला आवाज, ते खांदे, हे सर्व एका देहाचे आहे आणि तो देह गेला की ती जागा कायमची रिकामी. 'कोशिश'मधील मुका-बहिरा हरिचरण हातांच्या बोटांनी जे बोलतो, ते त्याच बोटांनी बोलावयाचे असते. म्हणूनच 'लव्ह अँड गॉड'ची हकीकत आम्हांस विलक्षण वाटते. रजतपटाने येथे रंगभूमीची रीत उसनी घ्यावयाचे ठरविले. एका नटाच्या हातची भूमिका दुसऱ्याकडे सोपविली. आणि ज्यांच्यामध्ये हा चार्ज दिला-घेतला गेला, ते दोघेही नेमके एकाच तारखेचे निघाले.

परंतु हा चार्ज कधी पुरा झालाच नाही. ९ मार्च १९७१ रोजी आसिफ स्वतःच मरण पावले. पन्नाशीही त्यांनी पाहिली नाही. चित्रपट पुन्हा डब्यात गेला. अखेरीस त्यांच्या पत्नी अख्तर आसिफ यांनी निर्माते के. सी. बोकाडिया यांच्या साहाय्याने, जे हाती होते ते जुळवून, अपुऱ्या स्वरूपात मे १९८६ मध्ये तो प्रकाशित केला. त्या वेळी दिग्दर्शक जाऊन पंधरा वर्षे झाली होती, पहिला मजनू जाऊन एकवीस, आणि दुसरा मजनू जाऊन सहा महिने. ज्या तिघांनी त्या चित्रपटासाठी जीव टाकला, त्यांपैकी एकानेही तो पडद्यावर पाहिला नाही.

लैला मात्र होती. जुन्या कथेत लैला आधी मरते आणि मजनू तिच्या कबरीवर प्राण सोडतो. येथे सगळे उलटे झाले. निम्मी यांचे निधन मार्च २०२० मध्ये झाले, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी. आमच्या कारकुनी सवयीने आम्ही एकदा बेरीज करून पाहिली: दोन्ही मजनूंची आयुष्ये एकापुढे एक ठेवली तरी लैलेच्या एका आयुष्याची भरपाई होत नाही, सुमारे सहा महिने कमीच पडतात. या बेरजेतून काही सिद्ध होत नाही, हे आम्हांस कळते. तरी ती केल्यावर आम्ही बराच वेळ कागदाकडे पाहत राहिलो होतो, एवढे खरे.

आमच्या मते तारखेचा उपयोग एवढाच. ती दोन माणसांविषयी काही सांगत नाही. ती आपल्याला थांबवून दोघांकडे एकदम पाहावयास लावते. एरवी आम्ही गुरुदत्तांची आठवण ऑक्टोबरात काढली असती आणि संजीवकुमारांची नोव्हेंबरात, ज्या त्या पुण्यतिथीस. आणि एकाचा विचार करताना दुसरा मनात आलाही नसता. कचेरीत आमची जागा भरून निघते याचे आम्हांस एरवी थोडे वाईट वाटते. या दोघांची जागा भरून निघाली नाही, आणि एकाने दुसऱ्याची भरावयास घेतली तीही अपुरीच राहिली, हे पाहिल्यावर वाटते की, आपल्या मागे टेबलावर टपाल येत राहते हे काही अगदीच वाईट नाही.

पुढील ९ जुलैला, बदलीच्या गावी संध्याकाळ मोकळी मिळाली, तर वाचकांनी 'कागज के फूल' आणि 'कोशिश' या दोन चित्रपटांचे अखेरचे भाग एकापाठोपाठ पाहावेत. दोन्हींत पिकल्या केसांचा एक माणूस दिसेल. ते केस दोघांच्याही डोक्यावर रंगभूषाकाराने पिकविलेले आहेत, हे पाहताना ध्यानात असू द्यावे.